कशेळीला राब पेटत नाही

हिराजी, भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. तावातावानं चहाचा ग्लास खाली ठेवायचास, "तुझ्याशी बोलनं म्हंजे खाडीन मीठ टाकनं" म्हणायचास आणि पायऱ्या उतरून चालता व्हायचास. मी मागून ओरडायचो, "अरे, चष्मा राहिला!" तू वळूनही बघायचा नाहीस. पण एखाददुसरा दिवस गेला की सकाळी प्रेसचं शटर वर करावं तर तू पायरीवर हजर. चष्मा माझ्या हातातून काढून घ्यायचास आणि आदल्या भांडणातलं वाक्य जिथं सोडलं होतंस तिथून पुढं सुरू करायचास. "हां, तं मी काय बोलत व्हतो, गोंद्या..."

या खेपेला तू आला नाहीस. तुला जाऊन पंधरवडा होत आला. छातीत कळ आली, ठाण्याला नेलं, एवढंच तुझ्या पुतण्यानं फोनवर सांगितलं आणि पुढचं त्याला सांगवेना. मी अजून शटर वर करताना खाली वाकून पायरीकडे बघतो. सवय आहे, जाईल. पण भांडण तसंच लोंबकळत राहिलंय, आणि त्यात तुझी बाजू मांडायला आता कुणी नाही. एकट्यानं भांडायला मला येत नाही.

पेपरात दोन ओळी आल्या. 'खेड्यातल्या जीवनाचे आणि ऋतूंचे कवी.' खोटं काही नाही. भिवंडीत कुणालाही तुझं नाव सांगा, "ते राबवाले ना?" असंच विचारतो. शाळेच्या संमेलनात 'राब', गणपतीच्या मांडवात 'राब', कुणाच्या साठीशांतीतसुद्धा 'राब'. ऐकणारे माना डोलवायचे, तू डोळे मिटून म्हणायचास, आणि मी मागच्या रांगेत दातओठ खात बसलेला असायचो. का, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

तू पहिल्यांदा आलास तो पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापायला. नव्या शतकाची पहिली वर्षं ती. दोन्ही बाजूंना धडधडते लूम आणि मधे माझं प्रेस, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हणजे घसा फोडून. तू कागद पुढं केलास. देवांच्या नावांखाली चार ओळी तुझ्या होत्या. त्यांत पळस फुलला होता, झऱ्याकाठी मोर आला होता आणि डोंगराच्या कुशीत गाव वसलं होतं. मी खाली पत्ता वाचला. मुक्काम कशेळी.

"कशेळीला डोंगर कधी आला हो?" मी ओरडून विचारलं.

तू जरा बावचळलास. मग तूही ओरडून म्हणालास, "कवितेन असतो!"

शेजारच्या लूमवाल्या रफिकभाईंनी मान बाहेर काढून बघितलं, भांडण जुंपलं की काय म्हणून. त्यांचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

त्या दिवशी मी तुला म्हटलं, डोंगरच बघायचा असेल तर माझ्या गावाला चल, दिघाशीला. दुरून डोंगर साजरे, जवळून कसे दिसतात तेही बघ. मी आपला बोलायला बोललो, आणि पुढच्या रविवारी तू स्कूटर घेऊन दारात उभा. तिथून पुढं माझ्या गावाचा एक हंगाम तू चुकवला नाहीस. आवणीला आलास, कापणीला आलास, झोडणीच्या वेळी खळ्यावर भुशानं माखून बसलास. वालाच्या शेंगा सोलताना आईला शंभर प्रश्न विचारलेस. आवणीत तुला रोपाची मूठ हातात दिली तर तुझी रांग अशी वाकडी गेली की माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, ह्यांना बांधावर बसवा. ह्यांची कविता सरळ असंल, पन हात सरळ न्हाय."

आणि राब. उन्हाळ्यात आमच्याकडे रोपाची जागा भाजून काढतात. तोडलेल्या डहाळ्या, शेण, पालापाचोळा, वर मातीचा हलका थर, आणि मग विस्तव. तण मरतं, रोप जोमानं येतं. तू काडी घेऊन घाईघाईनं वाऱ्याच्या तोंडाला बसलास तशी आई ओरडली, "तिथनं नको रं कवी! भडकून जाईल सगळा. वारा जातो त्या अंगाला लाव. विस्तव उलटा चालत येऊ दे. जमीन हळू भाजली पाह्यजे." तू तसाच उकिडवा बसून आईकडे बघत राहिलास. आपल्याला काहीतरी सापडलं, असा चेहरा केलास. त्या नादात तुझ्या पँटला भोक पडलं ते वेगळंच.

खरं सांगू का, हिराजी? मी त्याच मातीत वाढलो आणि त्याच मातीला कंटाळून शहरात मशीन टाकलं. हाताला चिखल नको, शाई लागली तरी चालेल, असा माझा हिशेब. राब म्हणजे माझ्या लेखी धूर आणि डोळ्यांची आग. तू आलास, बांधावर बसून जे ते विचारू लागलास, आणि तुला उत्तरं देता देता मला माझं शेत पहिल्यांदा दिसलं. आई वारा बघून काडी लावते हे मी लहानपणापासून बघत होतो. बघत होतो म्हणजे काय, डोळे उघडे होते इतकंच. हे तुझे उपकार. तोंडावर कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू महिनाभर मिरवलं असतंस.

पुढच्याच आठवड्यात तू 'राब' लिहून आणलीस.

वाऱ्याच्या उलट चालत येते आग,
हळू हळू भाजते माझ्या बापाचं शेत.
काळ्या कुशीतल्या राखेतून, माय,
हिरवं पोर डोळं उघडतं.

मी वाचली आणि म्हटलं, "माय, कूस, पोर... शेत आहे की सूतिकागृह?" तू हसलास. मग मी म्हटलं, "आणि हे 'माझ्या बापाचं शेत' काय? ते शेत माझ्या बापाचं आहे!"

"तुझा बाप तो माझा बाप," म्हणालास तू, आणि वर टाळीसाठी हात पुढं केलास. मी टाळी दिली. काय करणार, ओळ चांगली होती.

पण कशेळीच्या जत्रेत तुला घरचा माणूस भेटला. आठवतं? गावदेवीच्या देवळासमोर स्टेज, तुझा सत्कार, शाल-नारळ. तू 'राब' म्हटलीस, गाव खूश झालं. टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतले एक म्हातारबाबा काठीवर हनुवटी टेकून शांतपणे म्हणाले, "हिराजी, तुझे बापाचे शेतान राब कवा पेटला रं? तुझा बाप तं जन्मभर पानी हाकलत व्हता."

सगळं गाव हसलं. तूही हसलास, माईकवरच. पण येताना स्कूटरवर मागं बसून मी चार गोष्टी बोललो तर तू एकीलाही उत्तर दिलं नाहीस. मला वाटलं, लागलं याला. बरं झालं. आता हा खाडीवर लिहील.

कारण तुमच्याकडे राब नसतोच. तुमची जमीन खारी. खाडीच्या पाण्याला बांध घालून राखलेली. तिथं रोप लावत नाहीत, मोड आलेलं भात चिखलात फेकतात. तिथला ऋतू ढगाला विचारून येत नाही, तो उधाणाला विचारून येतो. हे सगळं मला कुणी सांगितलं? तूच. मी विचारलं म्हणून नाही, असंच, चहा पिता पिता. अवसेला चिंबोरी, म्हणजे खाडीचा खेकडा, मांसानं भरलेली असते आणि पुनवेला पोकळ, हे तू पावकिलोच्या पुड्यातली भजी खाताना सांगितलंस. उत्तरेचा वारा सुटला की खाडीच्या चिखलाचा वास बदलतो आणि तुझी आई त्या वासावरून गोधड्या काढायची, हे सांगितलंस प्रूफं तपासताना, आणि लगेच विचारलंस, "'ऋतू'मधला तू दीर्घच ना रं?"

आणि खांड. बांध फुटला की त्या भगदाडाला तुमच्याकडे खांड म्हणतात. उधाणाच्या दिवसांत खांड पडली की गावात आरोळी उठायची, आणि घरटी एक माणूस धावायचा. भांडण असो, वैर असो, भावकीत बोलणं बंद असो. पुरुष हातात हात अडकवून पाण्याच्या तोंडाशी उभे राहायचे, बायका मागून चिखलाचे गोळे हातोहात पुढं द्यायच्या. तू पोरगा होतास, पण उंच होतास म्हणून तुला रांगेत घेतलं. तुझ्या एका हाताला तुझा बाप आणि दुसऱ्या हाताला तो चुलता, ज्याच्याशी तुझ्या बापाचा बांधावरून वाद चालला होता. पाणी गळ्याशी आलं तरी दोघांनी तुझा हात सोडला नाही. एवढं सांगून तू ग्लास ठेवलास आणि विचारलंस, "मुखपृष्ठावर मोर टाकायचा का बैल?"

मी कपाळाला हात लावला. "अरे, हे लिही की!"

"काय?"

"आत्ता सांगितलंस ते. खांड. बाप, चुलता, पाणी."

तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी तुला म्युनिसिपालटीच्या नळावर कविता करायला सांगतोय. "यो तं काम हाय, गोंद्या. यान कविता कुठं हाय? चिखल, मीठ नि डास."

पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. माझा धूर तुला कविता वाटत होता आणि तुझा चिखल मला. फरक एवढाच की मला लिहिता येत नव्हतं. तुला येत होतं, आणि तू माझ्या बापाचं शेत पुन:पुन्हा भाजत बसलास.

त्याच सुमाराला तुमच्या बाजूला गोडाऊनं उभी राहायला लागली. मुंबईची जकात वाचवायला जगातला माल आपल्याकडे उतरायचा. आधी हायवेला, मग आत, मग बांधापर्यंत. तुझ्या शेतात तेव्हा तसंही भात राहिलं नव्हतं. खांड पडली तर धावणार कोण? कुणी ड्युटीवर, कुणी नाक्यावर ऑफिस टाकून बसलेला. खारं पाणी एकदा आत आलं ते आलंच, जमीन पांढरी पडली. तू भराव टाकलास, पत्रे चढले, शटर लागलं. मला कधी त्यात पाप वाटलं नाही. 'गोडाऊन भाड्याने देणे आहे'ची हँडबिलं मीच छापली की. ज्या मशीनवर तुझ्या पहिल्या संग्रहाच्या प्रती निघाल्या त्याच मशीनवर.

बोर्डाचं माप घ्यायला तू मला तिकडे घेऊन गेलास. आत अजून माल आला नव्हता. कोऱ्या सिमेंटवर आपण दोघंच. तू चालत चालत एका खांबापाशी थांबलास आणि पायानं जमीन ठोकून म्हणालास, "हितं उघाडी व्हती, बांधाची झडप. भरतीला बंद, ओहोटीला उघडी. बापाचं सगलं ध्यान हितं." मग जरा पुढं जाऊन म्हणालास, "हितं चिंबोऱ्या."

मी म्हटलं, "हिराजी, आता तरी लिही."

पत्र्यावर कावळे चालत होते त्यांचा आवाज येत होता. मग म्हणालास, "डंपर आले ना, तवा आत यायची वाट त्यांना कोनी दाखवली? मी. पुढं उभा राहून, हात हालवून. या, या, मागं घ्या, टाका हितं. त्याच हातान लिवू? बैल विकायचा नि मंग त्याचे नावान रडगानं गायचं? मना तोंड न्हाय रं."

मला उत्तर नंतर सुचलं, नेहमीसारखं. मी म्हटलं की ज्याला तोंड नाही त्यानंच लिहायला हवं, ज्यानं काही गमावलं नाही तो काय लिहिणार? तू म्हणालास, "तुला बोलायला काय जातं?" बरोबर होतं तुझं. माझं शेत अजून होतं. भाऊ कसत होता, आई वारा बघत होती. मी कोरडा उभा राहून तुला पाण्यात उतर म्हणत होतो.

तरी मी सोडलं नाही. आणि आता इथून पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण यातलं काय हट्टानं केलं आणि काय मायेनं, ते माझं मलाच वेगळं काढता येत नाही.

तुझा दुसरा संग्रह छापायला आला. सगळे ऋतू, सगळे सण, मोर आणि बैल. पुस्तक आमच्याकडे सोळा सोळा पानांच्या फॉर्मनं छापलं जातं. तुझ्या कविता संपल्या आणि शेवटच्या फॉर्ममध्ये काही पानं उरली. उरतातच. कुणी तिथं अभिप्राय टाकतो, कुणी जाहिरात. मी तुला म्हटलं, ही पानं खाडीची. एक तरी कविता आण, मगच हा फॉर्म मशीनवर चढेल. आधीचे सगळे फॉर्म छापून, घडी घालून, सुतळीनं बांधून माळ्यावर ठेवले. तुला वाटलं, गोंद्या आठ दिवसांत विरघळेल. मला वाटलं, हिराजी आठ दिवसांत लिहील. असे दोघे शहाणे.

रफिकभाईसुद्धा तुझ्या बाजूनं बोलले एकदा. "गोविंदभाई, क्यों सता रहे हो शायर साहब को? छाप दो ना." मी म्हटलं, "आप बीच में मत पडो, ये घर का मामला है." ते हसून आपल्या लूमकडे गेले. खरंच मला घरचाच मामला वाटत होता तो.

पाऊस गेला, दिवाळी गेली. तू येत होतास, चहा होत होता, भांडण होत होतं. मधे एकदा तू कागद काढलास खिशातून. मी तो जवळजवळ हिसकावलाच. उघडून बघतो तर 'शिशिर'. पानगळ. मी कागद परत केला आणि म्हटलं, "खाडीत पानं कसली गळतात?" तू कागदाची घडी घातलीस. तेव्हा तू रागावला नाहीस, आणि त्याचीच मला आता जास्त टोचणी लागली आहे. तू जरासं हसून म्हणालास, "तुला काय म्हाईत खाडीन काय गलतं ते."

शेवटच्या दिवशी मात्र रागावलास. "मी मेल्यावर छापशील का?" असं म्हणालास. लोक असं बोलतातच, त्यात काही नसतं. मीही लोक बोलतात तेच बोललो, "मेल्यावर तरी खाडीवर लिहिशील का?" तू ग्लास ठेवलास आणि उतरलास. चष्मा विसरला नव्हतास त्या दिवशी.

तुझ्या तेराव्याला आलो होतो. जेवणं आटोपली, उन्हं कलली. साहित्य मंडळातली माणसं अंगणात खुर्च्या टाकून बसली, आणि कुणीतरी म्हणालं, गोविंदराव, हिराजींची 'राब' होऊन जाऊ द्या. मी वाचली. 'माझ्या बापाचं शेत' या ओळीला माझा आवाज बसला. लोकांना वाटलं दु:खानं. दु:ख होतंच, पण थोडा रागही होता. तुझ्या अंगणात, तुझ्या भिंतीला टेकून, शंभर पावलांवर खाडी असताना, मी लोकांना माझ्या गावचा राब वाचून दाखवत होतो.

माणसं पांगली. मी चप्पल शोधत होतो तेव्हा सुगंधावहिनी दाराशी आल्या. इतकी वर्षं तुमच्या घरी येतोय, पण तुझ्या कवितेबद्दल वहिनींनी एक शब्द कधी काढलेला मला आठवत नाही. चहा आणायच्या, "भावजी, जेवूनच जा" म्हणायच्या, आत जायच्या. त्या म्हणाल्या, "भावजी, आमचे खाडीवरची एखादी वाचायची व्हती ना."

मी खाली मान घालून म्हटलं, "त्यानं खाडीवर एकही लिहिली नाही, वहिनी. त्यावरूनच तर आमचं सारखं..."

"लिवली न्हाय," वहिनी म्हणाल्या. "बोलायचे."

"काय बोलायचा?"

"मी चिंबोऱ्या साफ कराला बसली का समोर येऊन बसायचे. पानी कसं हाय, वारा कसा हाय. आज उघाडीवर कोन असता, बाप काय बोलला असता. पन तसं नुसतं न्हाय सांगायचे. ते स्टेजवर बोलायचे ना, तसं. त्याच्यापेक्षा जरा हलू. मी बोलायची, आवरा आता, मना काम हाय."

मी पायरीवरच बसलो. विचारलं, "कधीपासून?"

"भराव टाकला तवापासून. रोजचंच ते."

रोजचंच. मी एका कवितेसाठी पुस्तक अडवून बसलो होतो, आणि तू रोज एक, चिंबोरीच्या नांग्या मोडायच्या आवाजात, वाऱ्यावर सोडून देत होतास. मला हसूही येईना आणि रडूही. मी विचारलं, "वहिनी, एखादी आठवते का?"

"गप्पा त्या, भावजी," वहिनी म्हणाल्या. "गप्पा कोन ध्यानान ठेवतं?"

त्या असं म्हणाल्या आणि त्यांचं त्यांनाच काहीतरी लागलं. पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मी उठलो, नको म्हटलं, जाऊ द्या. पण त्या आठवत होत्या. ओठ हलत होते. एकदा सुरुवात केली, चुकल्या, "न्हाय, तसं न्हाय," म्हणाल्या, आणि मग त्यांनी ती म्हटली. छोटीशी. मधले एक-दोन शब्द गेले असतील कदाचित, पण चाल तुझी होती. ज्या दिवसांत भरती अर्ध्या वाटेतून परत फिरते त्या भांगाच्या पाण्याबद्दल होती, आणि तुझ्या बापाबद्दल. मी तुझं सगळं वाचलंय, हिराजी, छापलंय, अक्षर न् अक्षर तपासलंय. असं तू कधी लिहिलं नव्हतंस. 'राब' तिच्यापुढं शाळकरी पोराची वाटली मला.

मी म्हटलं, "वहिनी, ही पुस्तकात घालू. शेवटची पानं ठेवलीच आहेत."

वहिनींनी मान हलवली. "पुस्तक हाय तसं काढा, भावजी. ही नका घालू."

"का?"

"त्यांना घालायची असती तं तुमालाच सांगितली नसती का? रोज तं भेटत व्हते. मना कशाला सांगितली?"

तुझ्याशी भांडताना नंतर का होईना उत्तर सुचायचं. याला अजून सुचलेलं नाही. मी "बरं" म्हटलं.

येताना कशेळीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलो. बाईक बंद करून, पाय टेकून, मी ती कविता तोंडातल्या तोंडात म्हणत होतो, पुन:पुन्हा, विसरू नये म्हणून. कागदावर उतरवलेली नाही. इथंही लिहिणार नाही, वहिनींना शब्द दिलाय. आता ती त्यांना येते आणि मला येते. दोघांचंही वय झालंय, हिराजी.